धरमपेठेतील फोटो-दुरुस्ती आणि मालवण बंदराचा जुना अल्बम

मालवणहून नोकरीसाठी नागपुरात येऊन इथेच स्थायिक झालेल्या आमच्या आजोबांनी मागे ठेवलेल्या अल्बममध्ये घरच्या माणसांपेक्षा बंदराचेच फोटो जास्त आहेत. त्यांचे स्कॅनिंग, दुरुस्ती आणि नवे प्रिंट हे सारे काम मी धरमपेठेतील एका जुन्या स्टुडिओकडून करून घेतले. स्कॅनिंगसाठी या स्टुडिओची शिफारस मी निःशंकपणे करीन. दुरुस्तीसाठीही करीन, परंतु एका अटीवर.

यांतील बरेचसे फोटो अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले आहेत. १२० क्रमांकाच्या फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह देणारा हा साधा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरांतून सर्रास दिसे. निगेटिव्हही जपून ठेवलेल्या आहेत हे कळताच काउंटरवरील गृहस्थांनी प्रिंट बाजूला सारले आणि आधी त्याच मागितल्या. एवढी निगेटिव्ह २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके या बारकाईने, स्कॅन केली, की एका बाजूला पाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात आणि सोळा इंची चौकोनी प्रिंट ३०० डीपीआयने निघू शकते. तळहाताएवढ्या जुन्या प्रिंटवरून हे साधत नाही. आमच्या प्रिंटमध्ये आगबोट म्हणजे क्षितिजावरचा एक काळा ठिपका होता. निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये मात्र तिच्या कुशीला लागलेला पडाव म्हणजे उतारूंची होडी, त्यात गाठोडे मांडीवर घेऊन बसलेली एक बाई आणि तिच्याकडे हात पुढे केलेला खलाशी इतके सगळे दिसू लागले. मालवणचा किनारा खडकाळ असल्याने आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातूनच ये-जा करावी लागे, हे घरात सगळ्यांनी ऐकलेले होते; पाहिले कोणीच नव्हते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, म्हणजे हा फोटो उघडिपीच्या महिन्यांतला असणार, एवढाही अंदाज आता बांधता आला.

काचेच्या फ्रेममधल्या सिंधुदुर्गाच्या फोटोबाबत स्टुडिओने दाखवलेला संयम मला विशेष आवडला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेपुढे वर्षानुवर्षे टांगलेला हा फोटो काचेला पक्का चिकटला होता. तो ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास चित्राचा थरच काचेवर राहील, असे सांगून त्यांनी काच न काढता तिच्यासकटच त्या फोटोचा फोटो काढला. दिव्यांची जागा बदलून काचेवरची चमक टाळली होती, आणि कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्याची तटबंदी प्रिंटमध्ये स्वच्छ उमटली आहे.

आता त्या अटीविषयी. रापणीचा एक फोटो दुरुस्तीला दिला होता. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढण्याची पद्धत. फोटोत दहा-बारा माणसे मागे रेलून दोर ओढत आहेत. दुरुस्त होऊन आलेल्या प्रतीत आकाश निर्मळ होते, बुरशीचे डाग गेले होते, चेहरे तर मूळ फोटोपेक्षाही रेखीव झाले होते. फक्त दोर नव्हता. स्वयंचलित सॉफ्टवेअरने त्या बारीक, तिरप्या रेषेला ओरखडा समजून पुसून टाकले होते आणि ती सगळी माणसे कारण नसताना मागे झुकून उभी होती. चेहऱ्यांचा रेखीवपणाही सॉफ्टवेअरच्या पदरचाच. मूळ निगेटिव्हमध्ये तिथे दोन-चार करड्या ठिपक्यांपलीकडे काही नाही, त्यामुळे हे नाकडोळे कोणाचे, हा प्रश्न उरतोच. तक्रार केल्यावर स्टुडिओने हुज्जत घातली नाही. त्यांच्याकडील ज्येष्ठ कारागिराने मूळ स्कॅन पुन्हा उघडून केवळ बुरशी आणि खरे ओरखडे हाताने भरले, चेहरे होते तसे पुसट ठेवले आणि दोर जिथल्या तिथे राहिला. जादा पैसे मागितले नाहीत. असे असले तरी हाताने दुरुस्ती हवी, हे काम देतानाच पावतीवर लिहून घ्यावे, कारण न सांगितल्यास ते स्वयंचलित दुरुस्तीच करतात आणि दोन्हींच्या दरांत बराच फरक आहे. बंदराच्या फोटोंमध्ये डोलकाठ्या, दोर, जाळी आणि नांगराच्या साखळ्या अशा बारीक रेषाच भरलेल्या असतात. तिथे हा फरक देणे परवडते.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. सांगितलेली तारीख पाळली गेली नाही, आणि फाइली मागितल्याशिवाय फक्त जेपीईजीमध्ये मिळतात. चित्राचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या टिफ फाइली आग्रहाने मागून घ्याव्यात. पुढे कोणालाही पुन्हा दुरुस्ती करायची झाल्यास त्याच उपयोगी पडतात.

प्रिंटसाठी त्यांनी चकचकीत कागद सुचवला होता, मी मॅट घेतला. फ्रेम करताना फोटोभोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगावे, म्हणजे फोटो आणि काच यांच्यात अंतर राहते. माउंटचे थोडे जास्त पैसे पडतात, पण ज्या घरात मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो तिथे ते वाचवण्यात अर्थ नाही, आणि शक्य असल्यास फ्रेम कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावूच नये.