क्रोशा, भरतकाम की फोटोंची पानं? चूक कशी निघते ते आधी पाहा

हातकाम निवडताना बहुतेक जण तयार वस्तू पाहून भुलतात. पाहायला हवं ते वेगळंच: काम मध्येच टाकून उठावं लागलं तर त्याचं काय होतं, आणि चुकलं तर मागे फिरता येतं का. रोज वीस-पंचवीस मिनिटंच मिळत असतील आणि केलेलं कुणाला द्यायचं-दाखवायचं असेल, तर काम पुरं होणार की पिशवीत पडून राहणार हे या दोन प्रश्नांवरच ठरतं. म्हणून इथे क्रोशा, भरतकाम आणि फोटो-मजकूर लावून सजवलेली पानं (स्क्रॅपबुक) ही तिन्ही कामं आधी त्याच कसोटीवर लावली आहेत. सौंदर्याचा मुद्दा मागाहून.

चुकलं तर

क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर मोकळा असतो. सुई काढून दोरा ओढला की हवं तेवढं उसवतं आणि तोच दोरा पुन्हा वापरता येतो. चार ओळी उसवायला अर्धं मिनिटही लागत नाही. अपवाद दोन. केसाळ लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, त्यामुळे ती उसवताना तुटते किंवा गुंता होतो. आणि काळ्या किंवा फार गडद दोऱ्यात टाकेच दिसत नाहीत, मग चूक सापडणार कशी? पहिलं काम गुळगुळीत, फिक्या रंगाच्या, मध्यम जाडीच्या दोऱ्याचंच करावं.

भरतकामात शेवटचे तीन-चार टाके चुकले असतील तर सुईतून दोरा काढून ते उलट्या क्रमाने सोडवता येतात. जास्त असतील तर कापडाच्या मागच्या बाजूने बारीक टोकाच्या कात्रीने कापून चिमट्याने ओढायचे. तो दोरा गेला. कापडातून वारंवार ओढला गेल्याने तो पिंजलेला असतो, पुन्हा वापरला तर निस्तेज दिसतो. सुती कापडावर उरलेली भोकं थोडा ओलावा देऊन नखाने दोन्ही दिशांनी घासली की बरीचशी बुजतात. सॅटिनसारख्या चकचकीत, दाट विणीच्या कापडावर ती बुजत नाहीत. गडद दोरा उसवल्यावर पांढऱ्या कापडावर राहणारी कुसं चिकटपट्टीने टिपून घ्यावीत, बोटाने घासू नयेत.

फोटोंच्या पानाचं गणित सर्वांत विचित्र. चिकटवेपर्यंत सगळंच बदलता येतं, चिकटवल्यावर काहीच नाही. त्यामुळे आधी सगळं पान सुकं मांडायचं, मोबाइलवर त्या मांडणीचा फोटो काढायचा आणि मगच गोंदाला हात लावायचा. फोटो चिकटवण्याऐवजी कागदी कोपऱ्यांत (फोटोची टोकं खोवायच्या छोट्या कप्प्यांत) अडकवले तर मात्र चित्र पालटतं: दहा वर्षांनीही फोटो काढून बदलता येतो. नवशिक्याने कोपरेच वापरावेत. चिकटलेला फोटो सोडवायचाच असेल तर दातांच्या फटी साफ करायचा, मेण नसलेला दोरा त्याच्या खालून करवतीसारखा हळूहळू सरकवतात. पण ही शेवटची वाट, आणि आधी त्या फोटोची स्कॅन करून प्रत घेतलेली असावी.

मध्येच उठावं लागलं तर

क्रोशा सोडताना मोकळ्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली की संपलं. पाच सेकंद. हात बसला की गप्पा मारत, प्रवासात, अर्धं लक्ष देऊनही विणता येतं. भरतकामाला उजेड लागतो आणि डोळे कापडावरच लागतात. उठताना सुई नक्षीबाहेरच्या मोकळ्या कापडात टोचावी आणि कापड ताणून धरणारी रिंग सैल करून काढावी. आठवडाभर रिंग तशीच राहिली तर तिचा वळ इस्त्रीनेही सहज जात नाही, आणि दमट हवेत सुई गंजून पडलेला डाग तर कायमचाच. फोटोंच्या पानांचा निम्मा वेळ पसारा मांडण्यात आणि आवरण्यात जातो. वीस मिनिटांच्या तुकड्यांत हे काम होत नाही. मात्र फोटो निवडणं, मजकूर लिहून ठेवणं ही कामं एरवी करून ठेवली तर टेबलावरची बैठक दीड-दोन तासांत उरकते.

| | क्रोशा | भरतकाम | फोटोंचं पान |
|---|---|---|---|
| पहिलं काम | १० सेंमीचा चौकोन | १५ सेंमीच्या रिंगमध्ये मावणारी नक्षी | ३० सेंमीचं चौरस पान, ३ ते ५ फोटो |
| साहित्य | ४ मिमीची सुई, मध्यम जाड दोरा ५० ग्रॅम, टोकं लपवायला बोथट सुई | धुतलेलं सुती कापड, रिंग, ७ ते ९ नंबरची सुई, सहापदरी दोऱ्याच्या ३–४ लड्या | आम्लविरहित जाड कागद, कोपरे, पट्टी, धारदार पातं |
| एक बैठक | १० मिनिटंही चालतात | अर्धा तास | दीड-दोन तास |

क्रोशा: मोजणं टाळलं की बिघडतो

नवशिक्याचा चौकोन हळूहळू त्रिकोण होतो. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. उंच खांबांची (उंच टाक्यांची) ओळ सुरू करताना ज्या ३ साखळ्या (साखळी टाके) घालतो, त्या पहिला खांब म्हणून धरल्या जातात. म्हणजे पहिल्या खांबावर पुन्हा खांब घालायचा नाही, आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालायचाच. तो विसरला की दर ओळीला एक टाका कमी होतो. मुक्या, म्हणजे बुटक्या खांबांना १ साखळी पुरते आणि ती सहसा मोजत नाहीत. पहिल्या दहा ओळींत प्रत्येक ओळीचे टाके मोजावेत. कंटाळवाणं आहे, पण उसवण्यापेक्षा बरं.

गोल विणताना फुगवटा किंवा झालर येते तीही मोजणीतूनच. मुक्या खांबांचा सपाट गोल ६, १२, १८, २४ असा दर फेरीला ६ टाक्यांनी वाढतो. उंच खांबांचा १२, २४, ३६ असा. वाढ कमी पडली की गोलाची वाटी होते, जास्त झाली की कडा लाटांसारख्या उठतात. टोपी विणायची असेल तर मात्र तीच वाटी हवी असते.

दुसरा सापळा इंग्रजी कृतींतल्या टाक्यांच्या नावांचा. अमेरिकी ‘सिंगल क्रोशे’ (मुका खांब) म्हणजे ब्रिटिश ‘डबल क्रोशे’, आणि अमेरिकी ‘डबल’ (उंच खांब) म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. कृतीत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर ती अमेरिकी समजावी, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

दोरा किती लागेल हे डोळ्यांनी ठरवू नये. एक चौकोन पूर्ण करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा. तो ९ ग्रॅम भरला तर २० चौकोनांना १८० ग्रॅम. जोडकाम आणि किनारीसाठी पाव हिस्सा वाढवला की २२५. म्हणजे ५० ग्रॅमचे ५ गुंडे, आणि ते एकाच वेळी घ्यायचे. लेबलावरचा रंगाच्या घाण्याचा (एका वेळी रंगवलेल्या दोऱ्यांचा) क्रमांक वेगळा असेल तर तोच रंग दोन छटांचा निघतो. दुकानातल्या दिव्याखाली तो फरक कळत नाही, घरी उन्हात मात्र नेमका दिसतो.

भरतकाम: कापड आणि दोरा यांचं भांडण

सुरकुत्या हा इथला मुख्य रोग. कापड रिंगमध्ये सैल असलं किंवा दोरा खेचून घेतला की टाक्याभोवती कापड गोळा होतं. कापड बोटाने वाजवलं तर हलका ढोलकीसारखा आवाज यायला हवा. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली तर पकड टिकते. कापड आधी धुऊन घेतलं नाही तर सगळं नीट करूनही पहिल्या धुण्यात कापड आकसतं, दोरा आकसत नाही, आणि सुरकुत्या येतातच.

दोऱ्याची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंमी. लांब घेतला तर ओवण्याचे कष्ट वाचतात, पण दोरा पिंजतो आणि गाठी पडतात. सहा पदरांपैकी हवे तेवढे एकेक करून वेगळे ओढायचे आणि पुन्हा जुळवायचे. दोन पदर एकत्र ओढले की हमखास गुंता. बारीक रेषेला उलटी टीप किंवा देठ टाका २ पदरांनी, ठळक गाठी टाका ३ पदरांनी. भरीव टाका १ किंवा २ पदरांनीच घालावा. जाड दोऱ्याने तो लवकर भरतो खरा, पण कडा दातेरी दिसतात. आणि टाका १ सेंमीपेक्षा लांब गेला की सुटा पडून कशातही अडकतो.

क्रॉस स्टिचचं गणित सोपं आहे. १४ घरांच्या कापडावर एका इंचात १४ फुल्या बसतात. ७० फुल्यांची नक्षी तिथे ५ इंच होते, १८ घरांच्या कापडावर ४ इंचांहून किंचित कमी. चारी बाजूंना ३ इंच मोकळे सोडायचे, म्हणजे पहिल्या नक्षीला ११ इंचांचा चौकोन कापायचा. ही मोकळी जागा वाचवणाऱ्याला चौकट करताना हात चोळत बसावं लागतं.

नक्षी उतरवायच्या पेनांबद्दल एक इशारा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर धुण्याआधी इस्त्री फिरवली तर रेषा पक्की बसू शकते. उष्णतेने उडणाऱ्या पेनाचं उलटं: इस्त्रीने रेषा जाते, पण कडाक्याच्या थंडीत ती पुन्हा उगवू शकते. लाल आणि गडद दोरे वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून रंग सुटतो का ते पाहावं.

फोटोंची पानं: कागद आणि गोंद

वृत्तपत्राचा आणि स्वस्त कागद पिवळा पडतो तो त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे. म्हणून पानाला आम्लविरहित, लिग्निनविरहित कागद, आणि कात्रण लावायचंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर काढलेली प्रत. प्लास्टिकचे कप्पे पीव्हीसीचे नसावेत. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं. पातळ गोंद टाळा, कारण कागद पाण्याने फुगतो आणि सुकताना वाकतो. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर अक्षरं पुढे उठतात. मऊ पेन्सिल बरी. इंकजेटवर छापलेला फोटो एक दिवस उघडा सुकू द्यावा, मग कप्प्यात घालावा.

मोबाइलमधला फोटो १० × १५ सेंमी छापायला १२०० × १८०० पिक्सेल असावेत. मेसेजमधून आलेली प्रत बहुधा आक्रसलेली असते, ती मोठी छापली की चेहरे मेणाचे दिसतात. मूळ फाइल मागून घ्यावी.

द्यायचं आणि दाखवायचं असेल तर

भेट म्हणून क्रोशा सर्वांत दणकट, पण वापर पाहून दोरा निवडा. गरम भांडं धरायचं कापड शंभर टक्के सुती दोऱ्याचंच हवं, ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. तान्ह्या बाळाच्या वस्तूत मोठ्या जाळ्या नकोत, बोटं अडकतात. खेळण्याला डोळ्यांची बटणं न लावता दोऱ्याने डोळे काढावेत. भरतकाम रिंगसकट भेट देता येतं, फक्त मागची बाजू फेल्टने झाकावी. रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तूवर ते टिकतं, पण कोमट पाणी आणि उलट्या बाजूने, जाड टॉवेलवर इस्त्री ही चिठ्ठी सोबत द्यावी लागते. फोटोंचं पान देताना मूळ जुने फोटो कधीच देऊ नयेत. ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून प्रत लावावी.

अनेकांनी मिळून एक वस्तू करायची असेल तर क्रोशाच्या चौकोनांसारखं सोयीचं काही नाही, पण सगळ्यांना ‘४ मिमीची सुई वापरा’ असं सांगू नये. एकाचा हात सैल, दुसऱ्याचा घट्ट. त्याच सुईने एकाचा चौकोन ११ सेंमी, दुसऱ्याचा १३. ‘तयार माप १२ सेंमी’ सांगावं, सुई ज्याची त्याने बदलावी.

दाखवण्यासाठी फोटो काढताना क्रोशावर खिडकीचा तिरपा उजेड हवा, त्याने टाक्यांचा उठाव दिसतो. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. भरतकामाची रिंग अगदी वरून घ्यावी, नाहीतर गोल लांबट दिसतो. फोटोंचं पान प्लास्टिकमधून बाहेर काढून मगच टिपावं, आणि त्यात इतरांची मुलं किंवा घराचा पत्ता दिसत असेल तर विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. सोबत सुईचं माप, दोऱ्याची जाडी, पदर किती हे लिहिलं की पहिले तीन प्रश्न वाचतात. दुसऱ्याची नक्षी असेल तर तयार काम दाखवा, नाव द्या, नक्षीचा आलेख (चौकटींचा आराखडा) मात्र वाटू नका.

वेळ तुकड्यांत मिळत असेल तर क्रोशा घ्यावा. शांत कोपरा, चांगला उजेड आणि बारीक कामाची आवड असेल तर भरतकाम; त्याचा वेग कमी, पण तळहाताएवढ्या जागेतही पूर्ण वस्तू होते. आणि डब्यात फोटो साठलेच असतील तर पानांना पर्याय नाही, मात्र महिन्यातून एक मोकळी दुपार बाजूला काढावी लागेल.

ठरतच नसेल तर पानाच्या शीर्षकावर टाके घालून पाहा. दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास भरणारा जाड कागद, खाली फोम, आधी टाचणीने ५ मिमी अंतरावर भोकं पाडून घ्यायची, मग २ पदरांनी उलटी टीप. टोकं मागे कागदी पट्टीने चिकटवायची, गाठ मारायची नाही. गाठीचा उंचवटा पुढच्या पानावर उमटतो. भोकं ३ मिमीहून जवळ पाडली तर कागद तिकिटासारखा फाटतो.