रिकोह थीटा झेड१: सेटवर एचडीआरआयसाठी घ्यावा का?

व्हीएफएक्सच्या (कॉम्प्युटरवर होणाऱ्या दृश्य-करामतींच्या) शूटवर जाणारी नवी पोरं विचारतात की ३६० कॅमेरा, म्हणजे चारी बाजू एकदम टिपणारा, कुठला घेऊ, तर माझं उत्तर अजूनही थीटा झेड१ हेच आहे. २०१९ ला आलेला आहे, म्हणजे नवीन मुळीच नाही, पण एचडीआरआय, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो जोडून केलेला, सेटवरचा सगळा उजेड-अंधार साठवणारा फोटो, काढायला मला तरी हाच लागतो.

मुख्य कारण म्हणजे वेळ. सेटवर आपल्याला वेळ कोणी देत नाही हो. टेक ओके झाला की एडी (असिस्टंट डायरेक्टर) पुढच्या शॉटच्या मागे लागतो, लाइटमन दादा स्टँड उचलायला लागतात, आणि आपल्याला तर नेमका त्याच लायटिंगचा रेकॉर्ड हवा असतो, अगदी खिडकीतल्या उन्हापासून टेबलाखालच्या अंधारापर्यंत सगळा, कारण नंतर सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली, गाडी म्हणा की प्राणी म्हणा, त्याच उजेडात बसवायचा असतो. लाइट एकदा हलली की विषय संपला, पुढे लायटिंग आर्टिस्ट अंदाजाने दिवे लावत बसतो. म्हणून टेकच्या आधीच गॅफरला (लायटिंगच्या प्रमुखाला) सांगून ठेवा, "दादा, कट झाल्यावर दोन मिनिटं काही बंद करू नका". तेवढ्यात हा कॅमेरा काम उरकतो.

आधी हे क्रोम बॉलवर, म्हणजे आरशासारख्या चकचकीत गोळ्याचा फोटो काढून, व्हायचं, कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक पॉल डेबेवेकने १९९८ ला तीच पद्धत दाखवली होती. चालते अजूनही, पण बॉलमध्ये आपण स्वतः आणि कॅमेरा दिसतो, मागची बाजू कडेला चेपून जाते, मग दुसऱ्या बाजूने परत काढा. थीटाला दोन फिशआय (खूप रुंद बघणाऱ्या, फुगीर) लेन्स, दोन्हीमागे १ इंची सेन्सर, चारी बाजू एकदम येतात. मोनोपॉडवर लावायचा, फ्लॅटच्या (सेटच्या खोट्या भिंतीच्या) मागे लपायचं आणि मोबाइलवरून शटर मारायचं.

सेटिंग सांगतो. आयएसओ ८०, अ‍ॅपर्चर ५.६, व्हाइट बॅलन्स लॉक, आणि मल्टी ब्रॅकेट, म्हणजे एकाच जागेचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो ओळीने. १३ पर्यंत एक्स्पोजर लावता येतात, मी इनडोअरला दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने ७ घेतो. रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची फाइल, चालू ठेवाच. रॉ फाइल दोन गोल चकत्यांसारखी येते, ती नंतर जोडावी लागते, ते काम एडिट टेबलवर करा. ब्रॅकेट चालू असताना कोणी फ्रेममधून चाललं की भूत उमटतं, म्हणून स्पॉटदादांना पण थांबवायचं.

आणि कृपा करून कॅमेरा जिथे सीजी वस्तू येणार तिथे ठेवा! शूटिंग कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवून काढलेला एचडीआरआय बघितला की जीव जळतो माझा. प्राणी खिडकीपासून आत चालत येणार असेल तर दोन-तीन ठिकाणी घ्या, उंची पण त्याच्या पाठीएवढी.

आता उणी बाजू. बाहेर ऊन असेल तर सूर्य क्लिप होतो, म्हणजे नुसता पांढरा होऊन त्याचा खरा जोर नोंदलाच जात नाही, शटर १/२५००० ला नेलं तरी होतोच, आणि या फुगीर काचांवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावायला जागाच नाही. उपाय आहे, सीजीमध्ये सूर्य लाइट म्हणून वेगळा लावायचा आणि त्याची दिशा आणि जोर ग्रे बॉलवरच्या (सेटवर धरलेल्या साध्या राखाडी गोळ्यावरच्या) सावलीवरून जुळवायचा. म्हणजे थीटा घेतला म्हणून ग्रे बॉल, क्रोम बॉल आणि कलर चार्ट (रंग जुळवायचा ठरलेल्या रंगांचा तक्ता) घरी ठेवायचे नाहीत, ते प्रत्येक सेटअपला मेन कॅमेऱ्यासमोर धरायचेच. कार्ड स्लॉट नाही, बॅटरी बदलता येत नाही, सुरुवातीच्या मॉडेलला मेमरी १९ जीबी, २०२१ ला ५१ जीबीवालं आलं, सेकंडहँड घेताना तेच बघा. लंच ब्रेकमध्ये पॉवर बँक लावून फाइली लॅपटॉपवर उतरवत राहायचं, केबलने, वायफायवर वाट बघत बसाल. काचा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आहेत, खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, ओरखडा प्रत्येक फोटोत येईल. आणि वजन जेमतेम १८० ग्रॅम, त्यामुळे समुद्रावर वाऱ्यात मोनोपॉड हलतो, खाली वाळूची पिशवी लागतेच.

किंमत आली तेव्हा हजार डॉलरच्या आसपास होती. वर्षातून एखादंच शूट असेल तर भाड्याने घ्या. दर आठवड्याला सेटवर असाल तर बिनधास्त घ्या, आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या आधी एक फोटो क्लॅप समोर धरून काढा, सीन नंबर दिसेल असा, नाहीतर संध्याकाळी शेकडो गोल फोटो सारखेच दिसतात आणि कुठला कुठल्या शॉटचा ते कळत नाही.