बँड गाताना दाखवायचा, गोष्ट सांगायची, की सगळं एका सलग शॉटमध्ये? विद्यार्थी टीमसाठी तुलना

गाणं ठरलं, सहा-सात जण जमले, कॅमेऱ्याची सोय झाली, की पहिल्याच बैठकीत तीन सूचना हमखास येतात. बँडला गाताना-वाजवतानाच दाखवू. गाण्यात गोष्ट आहे, ती दाखवू. किंवा, एकही कट न घेता सलग शूट करू. तिन्ही प्रकार विद्यार्थ्यांना नक्की जमतात. फरक पडतो तो कष्ट कधी करावे लागतात यात. गायन-वादनाच्या व्हिडिओत ते एडिटिंगच्या वेळी करावे लागतात, गोष्टीत शूटच्या आधी कागदावर, आणि सलग शॉटमध्ये तालमींत. म्हणून कुठला प्रकार जास्त भारी दिसेल यावर वाद घालण्याआधी, आपल्या टीमकडे यांपैकी कुठला वेळ खरोखर आहे ते बघा. पुढचे सगळे हिशेब साडेतीन मिनिटांचं गाणं, सात जणांची टीम आणि शूटचा एक दिवस धरून केले आहेत.

गाताना-वाजवताना

पहिल्यांदा करणाऱ्यांना हा प्रकार सगळ्यात जास्त सांभाळून घेतो. पूर्ण गाणं प्लेबॅकवर लावायचं (म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर वाजवायचं), बँडने त्यावर गायचं-वाजवायचं, आणि दर वेळी कॅमेऱ्याची जागा बदलायची. आठ फेऱ्या पुरतात: दोन वाइड (सगळा बँड दिसेल अशा), गायिकेच्या दोन (एक कमरेपासून वर, एक फक्त चेहरा), तीन वाद्यांच्या आणि एक कॅमेरा हातात धरून मोकळेपणाने. फेरी साडेतीन मिनिटांची असली तरी जागा बदलणं, फोकस बघणं धरून दहा-बारा मिनिटं जातात. म्हणजे साधारण दीड तासात एका जागेवरचं काम संपतं. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने रेकॉर्ड केलं तर एक फेरी सुमारे २.६ जीबीची होते आणि आठ फेऱ्यांचे २१ जीबी. ६४ जीबीचं कार्ड सहज पुरतं. एखाद्या फेरीत फोकस गेला तरी बाकीच्या सात आहेतच.

घोळ होतो तो आवाजात. ओठ आणि गाणं जुळत नसेल तर कारण बहुतेक वेळा पुढच्या तीनपैकी एक असतं.

पहिलं, स्पीकर लांब ठेवलेला असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे दर चौदा मीटरला एक फ्रेम उशीर. मोठ्या मैदानात स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायिका चाळीस मीटरवर असेल, तर ओठ तीन फ्रेम मागे पडतात आणि ते डोळ्यांना खटकतं. स्पीकर गाणाऱ्याजवळ ठेवा, फक्त फ्रेमच्या बाहेर.

दुसरं, मोबाइलवर शूट करताना फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर राहत नाही. सुरुवातीला ओठ अगदी जुळलेले असतात आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सरकतात. शूटआधी फ्रेमरेट लॉक करता येणारं कॅमेरा ॲप घ्या, नाहीतर एडिटिंगआधी सगळ्या फाइली स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या.

तिसरं, गायिका नुसते ओठ हलवते. तिला खरंच मोठ्याने गायला सांगा, सूर लागला नाही तरी चालेल, तो आवाज कुणी ऐकणार नाहीये. क्लोजअपमध्ये बघणाऱ्याचं लक्ष ओठांइतकंच आजूबाजूला असतं: ओळ सुरू होण्याआधी खांदे किंचित वर जातात, वरच्या सुराला गळ्याची शीर ताणते, ओळ संपली की छाती खाली येते. नुसते ओठ हलवताना यातलं काहीच होत नाही आणि चेहरा काचेमागे असल्यासारखा वाटतो.

ड्रमरची तऱ्हा वेगळी. तो खरं वाजवू लागला की प्लेबॅक कुणालाच ऐकू येत नाही, आणि हळू वाजवलं की हातातला जोर गेलेला दिसतो. ड्रमवर जाड कापड किंवा म्यूट पॅड टाका, ड्रमरच्या केसांआड एका कानात इयरफोन द्या, आणि पूर्ण ताकदीने वाजवू द्या. झांज थरथरताना दिसायला हवी, म्हणून तिला कापड बांधू नका, ड्रमरच्या हातांची फेरी वेगळी घ्या.

प्लेबॅकच्या फाइली आदल्या दिवशी तयार हव्यात: एक पूर्ण गाणं, आणि ध्रुवपद व प्रत्येक अंतरा वेगवेगळा, प्रत्येकाआधी त्याच लयीत चार टकटक. नाहीतर 'दुसऱ्या अंतऱ्यापासून पुन्हा' म्हटलं की कुणीतरी फोनवर बोटाने जागा शोधत बसतं आणि दिवसभरात तासभर असाच जातो. कॅमेऱ्याचा माइक मात्र कधीही बंद करू नका. त्यात आलेला प्लेबॅकचा आवाजच पुढे एडिटिंग सॉफ्टवेअरला सगळ्या फेऱ्या आपोआप जुळवून देतो.

संथ गतीत गाणारा चेहरा हवा असेल तर ५० फ्रेमवर शूट करा आणि प्लेबॅक दुप्पट वेगाने लावा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शॉट क्रमाने मांडायची पट्टी) हालचाल निम्म्या वेगाची होते, ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात. दुप्पट वेगात शब्द उच्चारणं अवघड असतं, म्हणून ही युक्ती एक-दोन ओळींपुरतीच ठेवा.

या प्रकाराची खरी किंमत नंतर मोजावी लागते. २१० सेकंदांत सरासरी तीन सेकंदांचा एक शॉट धरला तर सत्तर कट होतात, आणि प्रत्येक जागी आठ फेऱ्यांतून निवड. नीट बघून, विचार करून केलं तर एका माणसाचे चार-पाच दिवस जातात. एडिट करणारा एकटाच असेल आणि त्याची परीक्षा तोंडावर असेल, तर हे आधीच मोकळेपणाने बोललेलं बरं.

गोष्ट

इथे प्लेबॅक लागत नाही, ओठ जुळवायचे नसतात, सात जणांना सतत हजर राहावं लागत नाही. त्यामुळे गोष्ट सोपी वाटते. कागदावर लिहिलेलं वाक्य बघा: मुलगी दारात येते, कुलूप बघते आणि माघारी वळते. एकच ओळ. शूटला मात्र चार मांडण्या, म्हणजे कॅमेरा चार वेळा नव्याने लावणं: ती येताना लांबून, कुलूप जवळून, तिचा चेहरा, आणि वळून जाताना पाठमोरी. प्रत्येक मांडणीला पंधरा मिनिटं धरली तर तासाभरात हाती लागतात पडद्यावरचे आठ-दहा सेकंद. तीस मांडण्यांचे साडेसात तास झाले, त्यात जेवण नाही आणि जागा बदलणं नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किमान तास जातो, म्हणून दोनच ठिकाणं ठेवा. तिसरं ठिकाण लिहिलं असेल तर बहुधा तेच शूट व्हायचं राहून जाईल.

यातला मोठा धोका म्हणजे राहून गेलेला शॉट. गाण्याच्या फेरीत चूक झाली तर दुसरी फेरी असते. कुलपाचा शॉट राहिला तर ती का वळली हे कुणालाच कळत नाही, आणि संवाद नसल्यामुळे सांगायलाही कुणी नाही. म्हणून ज्यांच्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही असे आठ-दहा शॉट यादीत खुणा करून दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात घ्या, मग ते गोष्टीच्या शेवटचे असले तरी. क्रम मोडला की कपडे, केस, खांद्यावरची पिशवी, हातातलं घड्याळ कुठल्या बाजूला होतं हे विसरायला होतं. त्यासाठी एका व्यक्तीला दुसरं काहीही काम न देता कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय ना हे) सांभाळायला ठेवा आणि प्रत्येक मांडणीच्या शेवटी फोनवर फोटो काढायला लावा.

शूटच्या आठवडाभर आधी एक गोष्ट न चुकता करा. प्रत्येक शॉटचं ओबडधोबड चित्र काढा, त्यांचे फोटो टाइमलाइनवर गाण्याखाली मांडा आणि सगळ्यांनी बसून बघा. लगेच कळतं की सुरुवातीच्या संगीतात गोष्ट निम्मी संपली आणि दुसऱ्या अंतऱ्यात दाखवायला काही उरलं नाही. हे दुरुस्त करायला कागदावर दहा मिनिटं लागतात. एडिटिंगमध्ये ते दुरुस्त होत नाही.

सलग शॉट

हवाहवासा वाटणारा हाच, आणि चुकला तर हाती काहीच न ठेवणाराही हाच. एडिटिंग जवळजवळ शून्य. त्या बदल्यात सगळ्यांनी एकत्र केलेल्या तीन तालमी तरी हव्यात, त्याही शक्यतो त्याच जागेवर: पहिली कॅमेऱ्याशिवाय नुसती चालून, दुसरी फोनवर शूट करून, तिसरी खऱ्या कॅमेऱ्याने. शूटच्या दिवशी एका टेकला, सगळं पुन्हा जागच्या जागी लावणं धरून, वीस मिनिटं लागतात. दहा ते बारा टेक झाले की गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) धरणाऱ्याचे दंड भरून येतात आणि चालण्यातला हेलकावा चित्रात उतरू लागतो. चांगला टेक त्याआधीच मिळायला हवा.

बाहेरून आत जाणारा मार्ग टाळा. उन्हातून खोलीत शिरताना प्रकाश इतका कमी होतो की एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक असेल तर खोली काळीठिक्कर होते आणि ऑटोवर असेल तर चित्र डोळ्यांदेखत उजळत जातं. सगळा मार्ग सावलीत किंवा सगळा आतच ठेवा, आणि लेन्स वाइड ठेवा म्हणजे फोकसची चिंता कमी होते. खिडकीच्या काचा, आरसे आणि टीमच्या सावल्या तालमीतच टिपून ठेवा.

प्लेबॅकसाठी एकच ब्लूटूथ स्पीकर घेऊन कुणीतरी कॅमेऱ्यामागे चालावं. ब्लूटूथमुळे होणारा उशीर अडचणीचा नाही, कारण गाणारा जे ऐकतो त्यावरच गातो आणि नंतर सगळं एकदाच सरकवता येतं. दोन टोकांना दोन स्पीकर ठेवले तर दोघांचा उशीर वेगळा असू शकतो, आणि अर्ध्या वाटेत जुळणी बिघडते. मध्ये कट नसल्यामुळे ती लपवता येत नाही.

जमेल असं वाटत नसेल तर शॉट दोन-तीन तुकड्यांत घ्या आणि जोड लपवा: कॅमेरा खांबाला घासून जाताना फ्रेम पूर्ण काळी होऊ द्या, किंवा झपकन वळवा. जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रकाश, दिशा आणि वेग सारखा हवा. माझ्या मते यात कमीपणा अजिबात नाही. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा घेता येतो.

तिन्हींना लागू

ज्या भागात वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६०. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकतात, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत.

गाणं दुसऱ्याचं असेल तर दोन परवानग्या लागतात, एक शब्द-चालीची आणि एक त्या रेकॉर्डिंगची. क्रिएटिव्ह कॉमन्समधलं गाणं घेताना परवान्यात 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर ते सोडून द्या, कारण चित्राला गाणं जोडणं हे त्या परवान्यात रूपांतर धरलं जातं. ओळखीच्या बँडचं गाणं असेल तरी गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्याकडून शूटआधी लेखी घ्या.

मग निवडायचं कसं

तीन संध्याकाळी सगळे एकत्र येऊ शकत नसतील तर सलग शॉट नको. एडिट करायला निवांत माणूस नसेल तर आठ फेऱ्यांचा पसारा नको, चार फेऱ्या घ्या आणि शॉट लांब ठेवा. गोष्ट एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती अजून शूट करण्याजोगी झालेली नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्या टीमला मी मिश्र प्रकार सुचवेन: सकाळी एका जागी बँडच्या सहा फेऱ्या, दुपारी त्याच परिसरात गोष्टीचे आठ-दहा शॉट. ध्रुवपदाला बँड, अंतऱ्याला गोष्ट. दोन्ही धरून दिवस पुरतो, आणि गोष्टीतला एखादा शॉट राहिला तर तिथे गायिकेचा चेहरा लावता येतो. एडिट करताना आधी फक्त बँडच्या फेऱ्यांतून पूर्ण साडेतीन मिनिटं जुळवून घ्या. तेवढं स्वतःच्या पायावर उभं राहिलं की गोष्टीचे शॉट त्यावर एकेक करून ठेवा.