जिओनोड: संशोधकांच्या गटात नकाशांचा डेटा एकत्र ठेवताना आलेला अनुभव

आम्ही पुण्यातल्या वेगवेगळ्या संस्थांमधले काही संशोधक ओढे, विहिरी आणि झऱ्यांवर काम करतो. कुणी भूगोलाचं, कुणी भूजलाचं, कुणी नगररचनेचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यानंतर या ओढ्याचे नकाशे जवळपास प्रत्येकाने केले. ते एकावर एक ठेवले तर रेषा जुळत नाहीत. एकाने ती जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या भूरचना दाखवणाऱ्या नकाशावरून काढलेली, दुसऱ्याने उपग्रहाच्या चित्रावरून, तिसऱ्याने जीपीएस घेऊन काठाने चालत. तिन्ही कामं प्रामाणिक आहेत. पण मेलमधून आलेल्या फाईलचं नाव ‘ओढा_फायनल_२’ असेल, तर कोणती रेषा कशावरून आली हे कळणार कसं?

म्हणून मागच्या पावसाळ्याआधी आम्ही जिओनोड बसवलं, म्हणजे नकाशांचा डेटा एका सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वाटून घेण्याची प्रणाली. ते मुक्त स्रोत आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. आत डेटाबेससाठी पोस्टजीआयएस, नकाशे ब्राउझरपर्यंत पोहोचवण्यासाठी जिओसर्व्हर आणि वरची वेबसाईट जँगो या वेब-चौकटीवर. ब्राउझरमधून लेअर (एका विषयाच्या नकाशाचा थर) चढवायचा, माहिती भरायची आणि कुणाला काय दिसावं ते ठरवायचं, एवढंच नवख्याला शिकावं लागतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर ब्राउझरही उघडावा लागत नाही. क्यूजीआयएसमध्येच जिओनोडचा पत्ता दिला की लेअर थेट समोर येतात. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळी प्रत ठेवण्याची सवय आमच्याकडे यामुळेच सुटत चालली आहे.

मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय मात्र दिसायला अगदी साधी आहे. व्यवस्थापकाने मान्यता दिल्याशिवाय नवा लेअर इतरांना दिसणार नाही, अशी व्यवस्था करता येते. आम्ही ती केली आणि नियम ठरवला: डेटा कशावरून घेतला, कधी, कोणत्या प्रमाणावर, कुणी, आणि अचूकता किती, हे लिहिलेलं नसेल तर मान्यता नाही. सुरुवातीला बरीच कुरकुर झाली. प्रबंधाची तारीख तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला ही माहिती, म्हणजे मेटाडेटा, भरणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं, आणि त्याचं वाटणं मला समजतं. तरीही मी आग्रह सोडला नाही. आज आंबिल ओढ्याच्या तिन्ही रेषा शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येकीखाली तिचा उगम लिहिलेला आहे. पुराचं पाणी कुठवर आलं हे पाहणाऱ्याने एक घ्यावी, प्रवाह कसा बदलत गेला हे अभ्यासणाऱ्याने दुसरी.

निर्देशांक पद्धतीचा, म्हणजे जागेचं स्थान आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीचा घोळही इथेच उघड होतो. पुण्याचं १:५०,००० प्रमाणावरचं जुनं टोपोशीट म्हणजे ४७ एफ/१४. ते एव्हरेस्ट उपगोल या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर आधारलेलं, आणि हातातला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रारूपावर. पद्धत नीट नोंदवलेली असेल तर सर्व्हर रूपांतर स्वतः करतो. पण शेपफाईल या नकाशा-डेटाच्या जुन्या स्वरूपासोबतची, निर्देशांक पद्धत सांगणारी ‘पीआरजे’ फाईल गहाळ असेल तर नकाशा नेमका कुठे ठेवायचा हे त्याला कळायला मार्ग नसतो. अंतर आणि क्षेत्रफळ मोजायचं काम आम्ही यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर विभागातच करायचं ठरवलं आहे, कारण पुणे त्यातच येतं.

शेपफाईलबद्दल मराठीत काम करणाऱ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. तिच्या तक्त्यात स्तंभाच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-वेलांटी ३ बाइट खाते. म्हणजे ‘गाव’ मावतं, ‘विहीर’ मावत नाही. त्यात एका नकाशाच्या चार-पाच फाईली, आणि त्यातली एखादी वाटेत हरवतेच. वाडी-वस्त्यांची नावं, ओढ्यांची स्थानिक नावं लोकांच्या तोंडून जशी ऐकली तशीच आम्हाला नोंदवायची असतात. त्यामुळे गटात आता जिओपॅकेजच चालतं. ते २०१४ पासूनचं खुलं मानक आहे, सगळं एकाच फाईलमध्ये राहतं आणि नावं तुटत नाहीत.

परवानग्यांबद्दल मी समाधानी आहे. पाहणं, उतरवून घेणं, बदलणं आणि सांभाळणं हे हक्क व्यक्तीनुसार किंवा गटानुसार वेगळे देता येतात. विहिरींच्या नोंदीत मालकाचं नाव आणि पाण्याची पातळी असते. शेतकऱ्याने ती विश्वासाने सांगितलेली असते. असा लेअर फक्त गटापुरता राहतो, आणि बाहेर जातो तो नावं काढलेला, ठिकाणं ढोबळ केलेला. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय संस्थांना नकाशा-डेटा गोळा करायला किंवा वाटायला पूर्वपरवानगी लागत नाही. त्यामुळे काय बाहेर जावं याची जबाबदारी आता बरीचशी आपल्यावरच आहे.

उणिवाही आहेत. सर्वांत खटकणारी म्हणजे बदलांचा इतिहास राहत नाही. एखादा लेअर बदलून नवा चढवला की जुना गेला. त्यामुळे शोधनिबंधात वापरलेली आवृत्ती आम्ही झेनोडो या संशोधन-डेटाच्या खुल्या भांडारात ठेवतो. तिथे डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा असते. दुसरं, सर्व्हर तगडा लागतो. ८ जीबी रॅमवर चालतं, पण माणसं वाढली की १६ हवीच. आणि डॉकर (सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवण्याचं साधन), डेटाबेसचा बॅकअप, अद्ययावत करणं हे समजणारं कुणीतरी कायमचं हवं. प्रकल्पापुरत्या नेमलेल्या सहायकावर हे सोपवू नये, कारण प्रकल्प संपला की तो जातो. त्याच्या नावावरचे लेअर वेळीच दुसऱ्या सदस्याच्या नावे करून घ्यावेत.

तुमचा गट दोन-तीन माणसांचाच असेल तर इतका पसारा मांडायची गरज नाही. एक जिओपॅकेज आणि सोबत मेटाडेटाची एक साधी फाईल पुरते.