बाबांची टोपी गुलाबी का दिसते? टाकीवाल्या फोटो प्रिंटरचा १४ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं, प्रिंटरचं हेड गेलंय, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग. बदलायचा खर्च नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून जास्त, वर म्हणे तुम्ही बाहेरची शाई भरली असणार. मी बाटल्यांची बिलं दाखवली, सगळी कंपनीचीच शाई, तरी तासभर वाद. शेवटी प्रिंटर उचलून घरी आणला. कंपनीचं नाव घेत नाही, सहा रंगांचा टाकीवाला ए४ फोटो प्रिंटर म्हटलं की प्रकार कळेलच. मे महिन्यात तीन आठवडे बंद राहिला ही माझी चूक, मान्य. उन्हाळ्यात आठवड्याला एक तरी रंगीत पान काढाच, नाहीतर हेडच्या बारीक छिद्रांत, नोझलमधे, शाई वाळते.

पण हेडपेक्षा मला जास्त छळलं ते राखाडी रंगाने.

बाबांचा वारीतला फोटो आहे, दिवेघाट चढतानाचा. पांढरी टोपी, पांढरं धोतर, कपाळावर बुक्का. काळा-पांढरा प्रिंट काढून हॉलमधे लावला तर संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या टोपीला गुलाल लागलाय का?" बघतो तर खरंच, ट्यूबच्या उजेडात टोपी गुलाबी. सकाळी खिडकीपाशी नेली तर हिरवट. आधी वाटलं पेपर खराब, तीन वेगवेगळे पेपर आणले, पैसे गेले.

नंतर कळलं की दोष पेपरचा नाहीच. या प्रिंटरमधे काळा, निळा, मजेंटा, पिवळा आणि फिका निळा, फिका मजेंटा, बास. राखाडी शाईच नाही. त्यामुळे टोपीवरची हलकी सावली तो रंग एकमेकांत मिसळून तयार करतो, आणि उजेड बदलला की ते मिश्रण वेगळं दिसतं. ड्रायव्हरमधे (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधे) ग्रेस्केलला, म्हणजे काळ्या-पांढऱ्याला, टिक केली तरी फोटो पेपर निवडला की माझा प्रिंटर रंग मिसळायचाच. साधा पेपर निवडून नुसत्या काळ्या शाईने काढलं तर गुलाबी झाक गेली, पण टोपीवर वाळू सांडल्यासारखे ठिपके.

मग मित्राच्या स्टुडिओत एप्सनच्या पी७०० प्रिंटरवर तोच फोटो काढला. त्यात फोटो ब्लॅक (ग्लॉसी म्हणजे चकचकीत पेपरसाठी), मॅट ब्लॅक (बिनचमकीच्या मॅट पेपरसाठी), ग्रे, लाइट ग्रे अशा चार शाया आहेत आणि काळ्या-पांढऱ्यासाठी वेगळा मोड, त्यात रंगीत शाई अगदी नावाला लागते. टोपीची शिवण दिसली हो! शिवणीखालची सावली, घामाने ओली झालेली कड, सगळं.

तिथून आल्यावर मी चार जणांना सांगत सुटलो की पिगमेंट शाईच घ्या, म्हणजे पी७०० मधे असते ती बारीक रंगकणांची. आता तेवढं ठामपणे नाही म्हणणार. मित्राकडचे जुन्या प्रिंटरवर काढलेले ग्लॉसी पिगमेंट प्रिंट तिरके धरून बघितले तर गडद भागावर तांब्यासारखी चमक येत होती. ग्लॉसीवर डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) चांगलीच दिसते, फक्त प्रिंट काचेमागे ठेवा, उघड्या हवेत ती लवकर फिकी पडते. मॅट पेपर असेल तर मात्र मॅट ब्लॅक पाहिजेच. माझ्या प्रिंटरवर मॅट पेपरवर बुक्का राखेसारखा यायचा, पी७०० वर कोळशासारखा आला. आधीच्या पी६०० मधे हे दोन काळे एकाच वाटेने जायचे, पेपर बदलला की अदलाबदल आणि त्यात शाई वाया. पी७०० मधे दोघांना वेगळी वाट आहे.

पण २५ मिलीच्या दहा काडतुसांचा खर्च मला झेपणारा नाही, स्पष्टच सांगतो. महिन्याला चार-पाच प्रिंट काढणाऱ्याने मित्राकडे किंवा लॅबमधे जावं. घरीच पाहिजे असेल तर टाकीवाल्यातही राखाडी शाईची मॉडेल्स आहेत, कॅननच्या जी५७० मधे राखाडी आणि लाल अशा जादा टाक्या आहेत. मी आता तोच बघायला जाणार आहे, पेन ड्राइव्हमधे टोपीचा फोटो घेऊन. दुकानात प्रिंट काढून मागणार आणि बाहेर उन्हात नेऊन बघणार, दुकानदार काहीही म्हणो.

स्टुडिओतला प्रिंट हॉलमधे लागलाय. आईने काल ट्यूब लावली, बंद केली, परत लावली. टोपी पांढरीच.