छपाईनंतर शाई वाळवण्यासाठी इन्फ्रारेड: लघुलहरी दिवे की मध्यमलहरी?

इन्फ्रारेड ड्रायर घेताना बहुतेक चर्चा किती किलोवॅटचा घ्यावा याभोवती फिरते. वास्तविक आधी ठरवायला हवे ते हे की, आपल्याला शाईतले पाणी उडवायचे आहे की तेलाची शाई लवकर सुकवायची आहे.

पाणी सुमारे ३ मायक्रोमीटर तरंगलांबीची किरणे फार जोरात शोषते. मध्यमलहरी दिव्याची तार साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्याची सर्वाधिक ऊर्जा २.५ मायक्रोमीटरच्या आसपास बाहेर पडते, म्हणून पाण्याच्या शाईसाठी व ॲक्वस कोटिंगसाठी (छपाईवर दिला जाणारा पाण्यातला पारदर्शक लेप) तोच सरस ठरतो. लघुलहरी हॅलोजन दिव्याची टंगस्टन तार २,००० अंशांच्याही वर जाते, पण तिची सर्वाधिक ऊर्जा १.२ मायक्रोमीटरजवळ असल्याने तिचा बराचसा भाग शाईचा पातळ थर ओलांडून कागदात उतरतो. काळ्या शाईतला कार्बन मात्र ती अधाशासारखी शोषतो, पिवळी शाई फारच थोडी. परिणामी एकाच पानावर काळा ठोकळा तापून निघतो आणि त्याला लागून असलेला पिवळा पट्टा ओलाच राहतो. मध्यमलहरी दिव्याखाली हा भेद बराच कमी होतो.

लघुलहरी दिव्याची जमेची बाजू म्हणजे तो एक-दोन सेकंदांत तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. नेहमीच्या मध्यमलहरी दिव्याला मिनिटभर किंवा अधिक लागते, आणि तेवढ्या वेळात अडकलेला कागद करपतो, प्रसंगी पेटतो. रिळावरच्या छपाईत म्हणूनच शटरशिवाय, म्हणजे दिवा झाकणाऱ्या झडपेशिवाय, तो बसवू नये. कार्बन तंतूचे दिवे या दोहोंच्या मधले असून, वारंवार थांबणाऱ्या यंत्रावर पाण्याची शाई वापरायची असल्यास मी त्यांनाच पसंती देईन.

शीट-फेड ऑफसेटची (सुट्या कागदांवरच्या ऑफसेट छपाईची) तेलाची शाई दिव्याखालून जाताना पूर्ण वाळतच नाही. तिच्यातले पातळ तेल आधी कागदात मुरते आणि उरलेला थर पुढे ऑक्सिजनच्या संयोगाने कडक होतो. उष्णता या दोन्ही क्रियांना फक्त वेग देते. तिथे लघुलहरी दिवा पुरेसा आहे, मात्र थप्पीचे तापमान ३५ ते ४० अंशांच्या पुढे गेल्यास शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते, कागद एकमेकांना चिकटतात आणि ओलावा घटून त्यांच्या कडा वळतात.

पाण्याच्या शाईत दिवा कोणताही असो, पृष्ठभागावर साचलेली वाफ हवेच्या झोताने हटवली नाही तर वाळणे मंदावते. खर्चाला मर्यादा असेल, तर जास्त किलोवॅटच्या दिव्यापेक्षा मध्यम क्षमतेचा दिवा, ब्लोअर आणि चांगला एक्झॉस्ट घ्यावा.