घड्याळ कुणाच्या भरवशावर? टाइमसिंकडी, एनटीपीडी आणि क्रोनी

पुण्यात पाच-पंचवीस लिनक्स मशीन सांभाळणाऱ्या माणसाला वेळ जुळवणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) आठवतो तो ऑडिट आल्यावर, नाहीतर दोन सर्व्हरच्या लॉगमधल्या वेळा जुळेनाशा झाल्यावर. मग ‘सगळ्यात अचूक कोणता’ याचा शोध सुरू होतो. ऑफिसच्या कामाला टाइमसिंकडी, एनटीपीडी आणि क्रोनी हे तिन्ही पुरेसे अचूक आहेत. ज्यांना वेळ विचारायची त्या सर्व्हरच्या यादीतला एक चुकीची वेळ सांगू लागला तर तुमचा डीमन काय करेल, यावर निवड करावी असं माझं मत.

टाइमसिंकडीचं चटकन सांगून टाकतो. तो एका वेळी एकाच सर्व्हरला विचारतो आणि त्याचं उत्तर येत राहील तोवर त्यालाच धरून राहतो. उत्तर थांबलं की यादीतला पुढचा. पेठेत पत्ता विचारून पहिल्याने हात दाखवला तिकडे चालायला लागावं, तसा प्रकार. लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसाठी हे चालतं. शेवटची वेळ तो डिस्कवर नोंदवून ठेवतो, त्यामुळे घड्याळाची बॅटरी नसलेलं मशीनही १९७० सालात जागं होत नाही. पण डेटाबेस किंवा बिलिंगच्या सर्व्हरवर मी तो ठेवणार नाही.

खरी तुलना उरलेल्या दोघांची, एनटीपीडी आणि क्रोनीची. दोघेही प्रत्येक सर्व्हरच्या उत्तराकडे एक बिंदू म्हणून न बघता पट्टा म्हणून बघतात: सांगितलेली वेळ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना संभाव्य चूक. पॅकेट जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) धरून चालतो. तसं नसेल तर चूक जास्तीत जास्त एकूण फेरीच्या निम्मी असू शकते. म्हणून पुण्यातून बघताना दिल्लीच्या सर्व्हरचा पट्टा मुंबईच्या सर्व्हरपेक्षा साधारणपणे रुंद असतो. बहुतेकांचे पट्टे जिथे एकमेकांवर पडतात ते खरे, बाहेर राहिले ते खोटे. गंमत अशी, की पट्टा रुंद असलेला सर्व्हर कुणाशीही जुळून जातो. लांबचा सर्व्हर थोडंसं खोटं बोलला तर पकडला जात नाही.

इथून पुढे वाटा वेगळ्या होतात. एनटीपीडी प्रत्येक सर्व्हरच्या शेवटच्या आठ नमुन्यांतला सर्वांत कमी विलंबाचा नमुना उचलतो, खऱ्यांमधले फटकून असलेले एकेक गाळत साधारण तिघांवर येतो आणि त्यांची भारित सरासरी काढतो. क्रोनी नमुन्यांमधून सरळ रेषा बसवतो. त्यामुळे घड्याळ किती चुकलंय यासोबत ते कोणत्या वेगाने चुकत चाललंय हेही त्याला लवकर कळतं. मग अंतर (म्हणजे मैल नव्हे, संभाव्य चुकीचा अंदाज) आणि स्ट्रॅटम (मूळ घड्याळापासून सर्व्हर कितव्या पायरीवर आहे तो आकडा) बघून एक मुख्य सर्व्हर ठरतो, आणि त्याच्या जवळपासचे जोडीला घेतले जातात. एकदा निवड झाली की सध्याच्या सर्व्हरला थोडं झुकतं माप मिळतं: इतरांच्या अंतरात १०० मायक्रोसेकंद वाढवून धरले जातात, म्हणजे जरा काही झालं की उडी मारणं टळतं.

भोसरी-चाकणच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहिली आणि सगळी मशीन एकदम सुरू झाली, की फरक दिसतो. बॅटरी मेलेल्या मशीनचं घड्याळ १००० सेकंदांहून जास्त चुकलेलं असेल आणि एनटीपीडीला पहिल्या उडीची (वेळ एकदम बदलण्याची) मुभा दिलेली नसेल, तर तो सरळ बंद पडतो. लहान चूक तो सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मायक्रोसेकंद या गतीने भरून काढतो, ०.१ सेकंदाला किमान २०० सेकंद. क्रोनीची मूळ मर्यादा याच्या शंभरपटीहून जास्त आहे, आणि बहुतेक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांच्या) कॉन्फिगमध्ये सुरुवातीच्या तीन अपडेटपर्यंत एका सेकंदाहून मोठी चूक उडी मारून दुरुस्त करायची सोय आधीच असते. रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या आवृत्ती ८ पासून एनटीपीडी काढूनच टाकला. जुना जीपीएस रिसीव्हर एनटीपीडीच्या ड्रायव्हरवर नीट चालत असेल तर उगाच हात लावू नका. बाकी नव्या मशीनवर क्रोनीच.

आता यादी. दोन सर्व्हर हा सगळ्यात वाईट आकडा: दोघांचं पटलं नाही तर बहुमत कुठून आणणार? तीन असतील तर एक खोटा पकडता येतो, चार असतील तर त्यातला एक बंद असतानाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा), अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी जोडायची असतात. त्यामुळे इकडची अनेक मंडळी एनआयसीचे दोन आणि एनपीएलचा एक लिहून मोकळी होतात. पण तिनातले दोन एकाच घरचे, तेव्हा ते दोघे मिळून चुकले तर बहुमत चुकीच्याच बाजूला जातं. अशा वेळी सार्वजनिक पूलमधले (सगळ्यांसाठी खुल्या वेळ-सर्व्हरच्या गटातले) एक-दोन सर्व्हर ‘नोसिलेक्ट’ लावून ठेवावेत. त्यांना मत नसतं, पण तफावत डोळ्यांसमोर राहते. क्रोनीत ‘मिनसोर्सेस’ (किमान किती सर्व्हर हवेत ती सेटिंग) दोनवर ठेवा, म्हणजे एकट्याच्या शब्दावर घड्याळ हलणार नाही.

गूगलचा सर्व्हर मात्र या यादीत मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी घड्याळात घातलेला जादा सेकंद) आला की तो तो सेकंद २४ तासांत पसरवतो, एनपीएल तसं करत नाही. त्या काळात दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि दोन्ही डीमनना त्यांतला एक खोटा वाटू लागतो. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा होता, आपल्याकडे १ जानेवारीची पहाट.

बसवून झाल्यावर क्रोनीची सोर्सेस यादी उघडून बघा. चांदणी असलेला निवडलेला, अधिकचं चिन्ह असलेले जोडीला घेतलेले, फुली असलेला खोटा ठरलेला. ‘रीच’खाली ३७७ दिसलं तर शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलंय. सगळ्यांपुढे प्रश्नचिन्ह आणि रीच शून्य असेल, तर आधी फायरवॉलवर यूडीपी १२३ बघा.